व्हिडिओ थांबवून वहीत लिहा

माझी भाची सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्राच्या परीक्षेआधी एका रात्री ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत होती. आमच्या घरात नेट धड मिळतं ते तेवढ्याच जागी. व्हिडिओ तिच्या कॉलेजचा नव्हता. अशोक चौकातल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्राध्यापकांनी केलेला होता. मी मागून डोकावलो. सुरुवातीलाच पडद्यावर एक वाक्य आलं: हा पाठ संपल्यावर तुम्हाला अमुक एक गोष्ट करता येईल. मग विषय सुरू झाला. काही मिनिटांनी सर बोलायचे थांबले, पडद्यावर एक प्रश्न उमटला आणि सूचना आली की व्हिडिओ थांबवा, विचार करा, उत्तर लिहा. भाचीनं अंगठ्यानं तेवढा भाग पुढं सरकवला.

"अगं, थांबायला सांगितलंय की त्यांनी."

"मामा, परवा पेपर आहे. थांबत बसले तर पोर्शन कधी व्हायचा?"

तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिच्यापुढचा पेपर तिनं लिहिलेल्या ओळी मोजणार होता, तिनं थांबून केलेला विचार मोजणार नव्हता. पण ते सरकवलेलं एक मिनिट माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपल्या विद्यापीठांतल्या अध्यापनाबद्दल गेली काही वर्षं मला जे म्हणायचं आहे, ते त्या मिनिटात होतं.

मी कॉलेजात होतो तेव्हा आमचे एक सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून नोट्स सांगायचे. पूर्णविरामसुद्धा उच्चारायचे. आम्ही माना खाली घालून उतरवून घ्यायचो. तासभर शंभर पेनं चालायची आणि शंभर डोकी बंद असायची. सर मनानं चांगले होते, एखाद्याची फी स्वतः भरायचे. शिकवणं म्हणजे सांगणं, आणि शिकणं म्हणजे ऐकून घेणं, हे त्यांनाही त्यांच्या सरांनी तसंच दिलं होतं. पुढं फळ्याच्या जागी प्रोजेक्टर आला आणि नोट्स स्लाइडवर चढल्या. एवढ्यालाच कित्येक ठिकाणी तंत्रज्ञानाचा वापर म्हणतात, आणि तपासणीच्या अहवालात तसं लिहितातही.

वालचंदची गोष्ट मला वेगळी वाटते ती या पार्श्वभूमीवर. हे कॉलेज १९८३ सालचं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, त्याच वर्षीचं. श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा ही त्याची मातृसंस्था. सोलापूर विद्यापीठ तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १ ऑगस्ट २००४ रोजी, एका जिल्ह्यापुरतं म्हणून स्थापन झालं. तोवर इथल्या कॉलेजांचा कारभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होता. मोठ्या शहरांपासून लांबच्या अशा गावात शिक्षकाला नवं काही शिकायचं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला हवी. महिनाभर वर्ग सोडून तसं जाणार कोण?

२००९ मध्ये केंद्र सरकारनं माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्यातून पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी शिक्षकांना शिकवण्याचा एक अजस्र कार्यक्रम उभा केला. हजार शिक्षक, मग दहा हजार शिक्षक असे आकडे घेऊनच तो ओळखला गेला. देशभरातली कॉलेजं दूरस्थ केंद्रं बनली, त्यांत वालचंदही होतं. अमृता विद्यापीठानं बनवलेल्या 'ए-व्ह्यू' या प्रणालीवर पवईचं व्याख्यान इथल्या सभागृहात दिसायचं आणि इथला शिक्षक माइक हातात घेऊन तिथल्या प्राध्यापकाला अडवायचा, विचारायचा. त्यातलं अडवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभं राहून बोलत आलेली माणसं पुन्हा बाकावर बसली आणि त्यांना कळलं, की नुसतं ऐकताना आपलंही लक्ष दहा मिनिटांत उडतं.

आयआयटीतच २०१० च्या सुमारास शैक्षणिक तंत्रज्ञान हा स्वतंत्र आंतरविद्याशाखीय अभ्यास सुरू झाला होता. श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक आराखडा बांधला. त्यात शिक्षकाच्या व्हिडिओला व्याख्यान न म्हणता संवाद म्हटलं आहे, आणि तो संवाद व्हावा म्हणून व्हिडिओच्या मध्ये थांबा ठेवायचा असतो. त्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. प्रश्न विचारायचा, थांबायला सांगायचं, आणि मग त्या प्रश्नाच्या सगळ्या संभाव्य उत्तरांचा, चुकीच्यासुद्धा, समाचार घेऊनच पुढं जायचं. या आराखड्यावर बेतलेले अभ्यासक्रम देशभरातल्या शिक्षकांनी घरी बसून केले.

वालचंदच्या प्राध्यापकांनी 'प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी' या नावानं यूट्यूबवर ठेवलेले व्हिडिओ पाहिले, की त्याच जातकुळीची शिस्त दिसते. सिव्हिलपासून कम्प्युटरपर्यंतच्या शाखांचे हे छोटे छोटे पाठ आहेत. कॅमेऱ्याची करामत नाही, पार्श्वसंगीत नाही. आवाज कुठं कुठं खोलीत घुमतो, इंग्रजीला आपल्याकडचा वास आहे. सुरुवातीला काय करता येईल ते सांगणं, मध्ये थांबा, शेवटी संदर्भपुस्तकं. सगळं फुकट. कुणाही गावच्या मुलाला बघता येतं, माझ्या भाचीसारखं. दिखाऊपणा नसल्यामुळं या कामाची बातमी होत नाही, आणि मला याचं वाईट वाटतं.

व्हिडिओ घरी बघून झाला की वर्गातला तास मोकळा होतो. त्या मोकळ्या तासाचं करायचं काय, हा खरा अवघड भाग. याचं एक जुनं आणि सोपं उत्तर फ्रँक लायमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९८१ मध्ये मांडलं. त्याला 'थिंक-पेअर-शेअर' म्हणतात. आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं. ऐकायला बालवाडीतलं वाटतं. पण आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रचंड वर्गात हे करून त्याचं नीट निरीक्षण केलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे: सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली राहिली. शेकड्यांनी मुलं बसलेल्या सभागृहात हे झालं. वालचंदमध्ये संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापिकेनं हीच रीत 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' या विषयात वापरली आणि त्यावर लिहिलं. हा विषय निव्वळ अमूर्त. त्यात यंत्र असतं ते कागदावर, वर्तुळं आणि बाण काढून रेखाटलेलं. असा विषय नुसता ऐकून कुणाला येत नाही, वर्तुळ आपल्या हातानं काढावं लागतं, चुकावं लागतं, शेजाऱ्यानं "हा बाण इकडं का?" म्हणून विचारावं लागतं.

या तीन पायऱ्यांतली मधली, शेजाऱ्याशी बोलण्याची, सोलापुरात फार वेगळं काम करते. बाहेरच्या संशोधकाला ते कदाचित दिसणारही नाही.

आपल्या शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात. विणकरीसाठी आलेली पद्मशाली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या मुलाची घरची बोली कन्नड. विजापूर वेशीकडं दखनी उर्दू. शाळा कुणाची मराठी, कुणाची तेलुगू, कुणाची उर्दू. बाहेर गल्लीत सगळ्यांची मिळून ती आपली सोलापुरी मराठी. आणि इंजिनिअरिंगच्या किंवा विज्ञानाच्या वर्गात अचानक इंग्रजी. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, घरातून कॉलेजात आलेलं हे पहिलंच लेकरू. त्याला शंका येत नाही असं नाही. ती इंग्रजीत कशी विचारायची हे त्याला सुचेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. "एनी डाउट्स?" असं विचारल्यावर वर्ग गप्प राहतो, आणि ते गप्प राहणं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरलं जातं.

शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं दिली, की त्याच वर्गात चार भाषा सुरू होतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. शहराबाहेरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण सरांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरांनी प्रत्येकाला एकेक कागदी पत्ता वाटला. पत्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची निराळी. तिच्या चार बाजूंना चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर येईल असा पत्ता धरायचा. सर आपला मोबाइल वर्गावरून फिरवतात आणि कोणत्या मुलानं कोणतं उत्तर दिलं ते त्यांच्या पडद्यावर येतं. 'प्लिकर्स' म्हणतात याला. पंचतारांकित वर्गात प्रत्येकाच्या हाती रिमोट देतात, इथं सगळ्या वर्गात मिळून एक फोन पुरतो. नक्षी बघून शेजाऱ्याचं उत्तर कळत नाही. बुजऱ्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे.

प्रश्न असा होता. उसानं भरलेला ट्रॅक्टर आणि समोरून येणारी मोटारसायकल यांची धडक झाली. धडकेच्या क्षणी कोण कुणावर जास्त बल लावतं? वर्ग एकदम शांत झाला. गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमुळं माणसं जातात, हे या जिल्ह्यातल्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. पत्ते वर झाले. बहुतेकांचं उत्तर एकच: ट्रॅक्टर जास्त बल लावतो. न्यूटनचा तिसरा नियम हीच मुलं नववीपासून पाठ म्हणत आली आहेत, क्रिया आणि प्रतिक्रिया समान.

सरांनी उत्तर सांगितलं नाही. म्हणाले, "शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं."

मग जो गलका झाला तो ऐकण्यासारखा होता. माझ्या पुढच्या बाकावर दोघांची जुंपली.

"असं कसं बे? ट्रॅक्टरला खरचटत बी नाही, अन् गाडीचा चुराडा होतो."

"चुराडा होणं येगळं, बल येगळं. गाडी हलकी हाय म्हणून तिचं वाटोळं. तेवढंच बल ट्रॅक्टरला लागलं, पर त्यो हलला का?"

"मग समान म्हनतो काय तू?"

डावीकडं दोन मुली कन्नडमध्ये बोलत होत्या. तिथं एकीनं वहीवर दोन चौकोन काढले होते, एक मोठा, एक छोटा, आणि त्यांच्यामध्ये सारख्या लांबीचे दोन बाण. पत्ते पुन्हा वर झाले. बरीच मुलं 'समान'वर आली होती. काही मात्र हटली नाहीत. त्यानंतर सरांनी फळ्यावर बल, वस्तुमान आणि त्वरण यांचं समीकरण लिहिलं, आणि त्या सात-आठ मिनिटांत मला एकही मूल खिडकीबाहेर बघताना दिसलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं होतं.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर या भौतिकशास्त्रज्ञाच्या बाबतीत नेमकं असंच घडलं होतं. विद्यार्थ्यांना आवडणारा हा शिक्षक. त्यानं बलाविषयीचे साधे, गणित न लागणारे प्रश्न आपल्या वर्गाला दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी एरवी विचार करते तशी? त्या प्रश्नानं माझूर हादरला. कठीण गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नात अडखळत होती. १९९१ पासून त्यानं व्याख्यान तोडून मध्ये प्रश्न, मतदान, शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान अशी रीत बसवली आणि १९९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक व्यवहारी सूचना आहे. पहिल्या मतदानात साधारण तीस ते सत्तर टक्के मुलं बरोबर असतील, तर चर्चा सर्वांत फळते. त्याहून कमी बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढं चला. हा निर्णय शिक्षकाला तासाच्या मध्यातच घेता यावा म्हणून तंत्रज्ञान हवं. पण ती साधी कार्डंही असू शकतात.

या रीतीनं खरंच फरक पडतो का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरातली बारा मुलं. ज्या घरात एटीकेटीचा कागद आला की मुलीचं शिक्षण थांबवून लग्नाचं बघायला घेतात, त्या घरात या बारांपैकी एक असणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको.

तरीही मुलं तक्रार करतात. "सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात." ही तक्रार सोलापुरातलीच आहे असं नाही. लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गात पाहिलं, की छान व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. चाचणीत मात्र स्वतः धडपडलेली मुलं पुढं होती. डोक्याला ताण पडला, की आपल्याला येत नाही असं वाटतं. छान ऐकलं, की येतंय असं वाटतं. म्हणून या वाटेनं जाणाऱ्या शिक्षकानं पहिल्याच आठवड्यात मुलांना हे उघड सांगायला हवं, आणि प्राचार्यांनी विद्यार्थ्यांच्या अभिप्राय-फॉर्मवरचे तारे मोजून त्याला दटावू नये.

या जिल्ह्यात असं काही घडतं म्हटलं की लोक परितेवाडीचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. माढा तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणले, आणि पुढं ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांच्या कामात भावतं ते हे, की पुस्तक मुलाच्या हातातच राहिलं. विद्यापीठांनी जिल्हा परिषदेच्या शाळेकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

भाषेच्या बाबतीतही साधनं तयार आहेत. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चे पाठ मराठीतून ऐकता येतात, आणि त्यांची पद्धतच अशी आहे की अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर स्वतःचं काम. थोडं बघायचं, थांबवायचं, तसंच करून बघायचं. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही विज्ञानाची सिम्युलेशनं मराठीतही आहेत. किती प्रयोगशाळांत ती उघडली जातात?

टाळेबंदीच्या काळात सगळे एका फटक्यात ऑनलाइन झाले. तेव्हा मला आशा वाटली होती, आणि ती फोल ठरली. पिवळ्या नोट्स झूमवर गेल्या, एवढंच झालं. कॅमेरे बंद, माइक बंद, घरात तिघा भावंडांत एक फोन, आणि पाण्याची पाळी असली की तोही बाजूला ठेवून घागरी भरायला पळायचं. पुन्हा वर्ग भरले तेव्हा कित्येक शिक्षकांच्या मनात तंत्रज्ञान म्हणजे तो काळा पडदा, असंच बसलेलं होतं.

मात्र दोष शिक्षकांच्या माथी मारणं मला पटत नाही. एक चांगला प्रश्न, ज्यावर वर्ग अर्धा-अर्धा फुटेल, तो घडवायला संध्याकाळ जाते. दहा मिनिटांच्या व्हिडिओला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांत हे करायला जे तरुण उत्सुक आहेत, त्यांतले कित्येक तासिका तत्त्वावर आहेत. सीएचबी. घड्याळी तासाला पैसे, ते आहेत तुटपुंजे आणि हाती पडतात महिन्यांनी. प्रश्न घडवण्याची संध्याकाळ त्या हिशेबात कुठंच नसते. नव्या शैक्षणिक धोरणानं विद्यार्थिकेंद्री हा शब्द सगळ्या परिपत्रकांत आणला आहे. परिपत्रकं काढणाऱ्यांनी त्या संध्याकाळचे पैसे आधी द्यावेत आणि पेपरमध्ये एक तरी प्रश्न असा घालावा, ज्याचं उत्तर गाईडमध्ये सापडत नाही. मग माझी भाची व्हिडिओ थांबवील. तिला थांबायचं कळतं, परवडत नाही.

ट्रॅक्टरच्या प्रश्नाचा तो तास संपल्यावर सर पत्ते गोळा करून मोजत बसले. दोन कमी भरले. ते स्वतःच्या खर्चानं लॅमिनेट केलेले होते. मी विचारलं, "शोधायचे का?"

"असू द्या. मुलांनी नेले असतील घरी दाखवायला," ते म्हणाले. "आजच नवे काढून घ्यावे लागतील पण. उद्या सकाळी मोहोळला तास आहे, तिथं त्रेसष्ट मुलं आहेत."

गड्ड्याला रबर लावून त्यांनी तो सॅकमध्ये टाकला आणि झेरॉक्सच्या दुकानाकडं निघाले. बाहेर पार्किंगमध्ये पुढच्या बाकावरचे ते दोघे अजून तिथंच होते. एकानं दुसऱ्याच्या तळहाताला आपला तळहात टेकवला होता आणि दोघे मिळून जोर लावत होते, कोण मागं सरकतं ते बघत.